वेचलेलं वावर

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईनं एका भल्या माणसाला उगाच झोडपलं. घाटंजीला स्टँडवरून बाजाराकडे जाताना उजव्या हाताला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरून देते, पासपोर्टचे फोटो काढून देते, अर्ज टाइप करून देते. आलेल्या माणसाचं काम पाच मिनिटांत करून त्याला वाटेला लावायचं, हा माझा खाक्या. आणि हा माणूस पहिल्या दिवशी दुपारी बाराला दुकानाची पायरी चढला तो अखेरचा उतरला चारला.

सिनेमाची पटकथा होती त्याच्या हातात, पायजम्याच्या नाडीनं बांधलेली. म्हणाला, एक कॉपी काढा. मी काढली. तो खाली उतरला, रस्त्याच्या अगदी मध्ये थांबला, उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि परत वर आला. एक वाक्य खोडलं, त्या पानाची नवी झेरॉक्स. पुन्हा खाली, पुन्हा वर. मागून ऑटोवाले हॉर्न मारून मारून थकले. शेवटी मी म्हटलं, भाऊ, घरी बसून काय ते एकदा ठरवा आणि मग या. तर म्हणतो कसा, "घरी ठरत नाही ताई. चालतानाच ठरते." अकराव्या खेपेला आला तेव्हा पहिल्यांदा खोडलेलं वाक्यच त्यानं परत जसंच्या तसं घातलं होतं. हसावं की कागदाची रिम फेकून मारावी, मला कळेना.

त्याचं नाव लिहीत नाही. आता ते पेपरात येतं, आणि मी लिहिणार आहे ते पेपरातल्यासारखं नाही. गावात त्याला डायरेक्टर म्हणत. माझी माय बाबू म्हणते. मी भाऊ म्हणते, आणि डोकं फिरलं की साहेब.

मूळचा तो बोरी अरबकडचा. वीस-बावीस वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या सिनेमांवर सहायक म्हणून राबला. स्वतःचे दोन सिनेमे सुरू केले, दोन्ही अर्ध्यात राहिले. पहिला कशामुळे अडला ते तो दर वेळी वेगळं सांगायचा. दुसऱ्याचं मात्र सरळ सांगून टाकायचा की मीच अडवला. एक शॉट मनासारखा होत नव्हता म्हणून घेत राहिला, घेत राहिला, तोवर ऋतू पालटला, हिरॉइनचं लग्न झालं आणि बाकीचे आपापल्या पोटापाण्याला लागले. तिसरा सिनेमा पुरा झाला नाही तर पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही, असं त्यानं माझ्या काउंटरवर मूठ आपटून सांगितलं होतं. आपटताना माझा स्टेपलर खाली पडला. तो उचलायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मधल्या काळात बाहेरून येणाऱ्या सिनेमावाल्यांना जागा शोधून द्यायचं काम त्यानं केलं. आमच्या जिल्ह्यात सिनेमावाले यायचे ते भेगा पडलेली जमीन आणि रडणारी बाई शोधत. केळापूरकडे अशाच काही मंडळींना पडकं घर हवं होतं. ह्यानं शोधून दिलं. पोपडे आलेल्या भिंती, एका बाजूला झुकलेलं छप्पर. मुंबईचे लोक खूश होऊन गेले. पंधरा दिवसांनी कॅमेरा घेऊन आले तर घराला निळा ऑइलपेंट. पाहुणे येणार, आपलं घर सिनेमात दिसणार, म्हणून त्या घरच्यांनी भिंती लिंपल्या, छप्पर सरळ केलं आणि दारावर सुस्वागतम् लिहिलं. ह्याला ते आठ दिवस आधीपासून माहीत होतं. त्या घरच्या बाईनं ह्यालाच विचारलं होतं की कोणता रंग चांगला दिसंल, आणि ह्यानं निळा म्हणून सांगितलं होतं. नोकरी गेली, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही आधीच थांबवलं का नाही, असं मी त्याला विचारलं. तो दुकानात येरझाऱ्या घालत होता, तो क्षणभर थांबला. "ती बाई भिंत सारवताना गाणं म्हणून राह्यली होती ताई. तिले काय सांगू, तुझं घर पडकं आहे म्हणूनच त्याह्यले आवडलं?"

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या माणसाविषयी बरं वाटलं. पण ते फार टिकू दिलं नाही त्यानं.

बसणं म्हणून त्याला ठाऊकच नव्हतं. जेवायचा उभ्यानं, एका हातात भाकर आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर बोलता बोलता चालत सुटायचा आणि बोलणं संपलं की आपण कुठं आलो हे कुणाला तरी विचारायचा. यवतमाळला थिएटरात तिकीट काढायचा, खुर्चीवर पिशवी ठेवायचा आणि स्वतः दाराशी उभा राहायचा. पिशवी सिनेमा पाहायची आणि हा माणसं पाहायचा. कोण कुठं खोकललं, कोणी मोबाइल कधी काढला, कोणती बाई कोणत्या वेळी पोराला घेऊन बाहेर गेली, हे सगळं तळहातावर लिहून घ्यायचा. वर त्याची ती सवय, कोणालाही केलेलं काम पुन्हा करायला लावायची. आठवडी बाजारात कांदेवाल्याला म्हणे, मघाशी तराजू कसा धरला होता, तसा परत धरा. कांदेवाल्यानं धरला. अजून एकदा, म्हणाला. तिसऱ्या वेळी कांदेवाल्यानं त्याला जे काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ह्यानं त्यालाही विचारलं, हे परत म्हणाल का.

मी त्याच्या तावडीत सापडले ती माझ्या तोंडामुळे. त्या पहिल्या दिवशी अकराव्या खेपेला मी वैतागून म्हटलं होतं, साहेब, पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्या सदऱ्याचं वरचं बटन उघडं होतं, पाचव्यांदा लावलेलं होतं, आता परत उघडं आहे, मन थाऱ्यावर नाही तुमचं. तो तसाच वळला आणि म्हणाला, तुम्ही माझ्या सिनेमावर पाहिजे. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी चित्रित करतात. आज घेतलेल्या तुकड्यात बाईच्या पदराला चिखल असेल, तर चार दिवसांनी घेतलेल्या पुढच्या तुकड्यातही तेवढाच आणि तिथंच चिखल लागतो. हे सगळं टिपून ठेवायच्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. दुकानावर नणंदेला बसवून मी ते काम धरलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मलाही त्या दुकानाचा कंटाळा आला होता.

आता माय.

माझी माय आमच्या गावी एकटी राहते. घाटंजीहून पाऊण तासाची वाट. बाबा गेल्यापासून वावर तीच पाहते, तूर, सोयाबीन आणि धुऱ्यालगत, म्हणजे बांधाला लागून, एकरभर कपाशी. मी एकुलती एक. माय, वावर ठेक्यानं दे आणि माझ्याकडे येऊन राहा, हे मी तिला किती वर्षांपासून सांगत होते त्याची गणती नाही. ती हो म्हणत नव्हती आणि नाही म्हणत नव्हती. सुपातली तूर पाखडत राहायची.

हा जागा पाहायला माझ्यासोबत गावी आला तेव्हाही ती तूरच पाखडत होती. हा अंगणात इकडून तिकडे, तिकडून इकडे. माय म्हणाली, "बस न गा बाबू. सुपात तुही सावली नाचून राह्यली, खडा दिसत नाही मले." तो बसला. अहो, खरंच बसला. दोन मिनिटांनी उठला आणि विचारलं, मावशी, माझ्या सिनेमात काम कराल का. मायनं विचारलं, निंदन का वेचन. तो म्हणाला, दोन्ही. माय म्हणाली, मग त्याले काय विचारतं, ते तर मी करूनच राह्यली.

सिनेमातली गोष्ट एका म्हातारीची. ती एकटी आपलं वावर करते. शहरातला मुलगा वर्षभर फोन करून तिला सांगत असतो की आता पुरे झालं, ये इकडे. ती उत्तर देत नाही. पेरणी होते, निंदण होतं, बोंडं धरतात, ती उत्तर देत नाही. शेवटी पहिल्या वेचणीच्या दिवशी ती पांढऱ्याशुभ्र वावरात शिरते आणि वेचायला लागते, तेच तिचं उत्तर. तो एक शॉट नसेल तर म्हातारीनं उत्तरच दिलं नाही असं होतं, सिनेमा लटकून राहतो. त्या मुलाचे फोनवरचे संवाद मी टाइप करायला घेतले आणि माझं डोकं भणाणलं. सगळं माझं बोलणं. तिथं दवाखाना जवळ आहे, संडास घरात आहे, तुझ्या गुडघ्यांना झेपत नाही, शब्दाला शब्द. आमच्या अंगणात येरझाऱ्या घालता घालता ह्यानं ते उचललं होतं. मी भांडले. तो म्हणाला, बदलतो. बदललं नाही.

आणि शूटिंग सुरू झाल्यावर ह्याची आणि मायची जी जुंपली. हा अजून एकदा म्हणणारा, आणि ती कुठलीही गोष्ट एकदाच करणारी. चुलीपुढे बसून चहा प्यायचा होता. प्याली. अजून एकदा, मावशी. माय म्हणाली, आत्ता तं पेली न बाबू, पोट आहे का रांजण. हौदातून पाणी काढायचं होतं, काढलं. अजून एकदा. माय म्हणाली, हंडा भरला, आता कायले काढू. नागपूरहून आलेला कॅमेरामन तोंडात रुमाल कोंबून हसायचा. पंधरा दिवसांत सगळ्यांना कळलं की मावशी काही करणार असली की आधीच तयार राहायचं, दुसरा मोका नाही. हा मात्र तडफडायचा. धुऱ्यावरून असा झपाझप चालायचा की तिथलं गवत मेलं. पण त्याच तडफडीत महिना महिना घेत सिनेमा पुढे सरकला, पेरणीपासून कपाशी फुटेपर्यंत, आणि शेवटी तो एकच शॉट उरला.

आमच्याकडे पहिल्या वेचणीला सितादही करतात. वावराच्या कोपऱ्यात एका पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीच्या झाडाखाली, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तो दहीभात वावरात चहूकडे शिंपायचा आणि कमरेला ओट्या बांधून वेचायला लागायचं. पूजा त्या वावराच्या मालकिणीनं करायची. मायनं ती कधी चुकवलेली नाही.

शॉटच्या दिवशी वावर असं फुटलं होतं की डोळे दिपत होते. वेचायला वीस बाया, त्यांच्या पुढे पार्बताबाई, मायची जुनी सोबतीण. सगळ्या खऱ्याच वेचणाऱ्या. आणि नेमकी कॅमेऱ्याची लेन्स घेऊन येणारी गाडी वाटेत पंक्चर झाली. ह्याला कुठला धीर. म्हणाला, तोवर पूजेची रिहर्सल करून घ्या, आणि फोन कानाला लावून डांबरी रस्त्याच्या दिशेनं सुटला. कॅमेरामन त्याच्या मागे, आणि कागदांची फाईल घेऊन मी त्या दोघांच्या मागे. गाडी यायला अडीच तास लागले. लेन्स घेऊन आम्ही परतलो तर वावर तपकिरी.

एक बोंड पांढरं नव्हतं. बाया धुऱ्यावर भाकरी खात बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे कापसाची गाठोडी रचलेली होती. रिहर्सल म्हणजे काय ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मायनं पूजा केली, दहीभात शिंपला. सितादही झाली की वेचायचं, एवढं त्यांना माहीत. ह्यानं वावराभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग पूजा परत करता येईल का, असं मायला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. वर्षाची पूजा वर्षाला एकदा, ती झाली.

मग त्यानं जे केलं त्यासाठी मी त्याला बरेच दिवस माफ केलं नव्हतं. त्यानं गोंद मागवला. सजावटीचं काम करणारे दोघे गाठोड्यातला कापूस काढून बोंडाबोंडांत चिकटवायला लागले. दहा-बारा झाडं झाली असतील. माय उठली आणि तिथं जाऊन उभी राहिली. "वेचलेला कापूस झाडाले लावत नाहीत बाबू," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाले उठवून बसवल्यावानी दिसते ते."

आवाज चढवला नव्हता तिनं. ज्यांच्या हातात गोंद होता त्यांनी डबे खाली ठेवले. तो तोंड फिरवून चालायला लागला तो थेट गावापर्यंत गेला आणि त्या दिवशी परत आला नाही.

वीस दिवसांनी दुसऱ्या वेचणीला पुन्हा काही बोंडं फुटली असती, पण त्याआधीच अळी पडली. सिनेमा लटकला. नागपूरच्या ज्या माणसानं त्यात पैसा घातला होता त्यानं बजावलं, पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरा झाला नाही तर हा विषय संपला. वर्षभर हा फिरत राहिला. कधी बोरी अरबला, कधी केळापूरला, कधी माझ्या दुकानापुढे रस्त्याच्या मध्ये. कपाशीची वावरं पाहत हिंडायचा आणि येऊन सांगायचा की झाड जुळत नाही, विहीर जुळत नाही. मी म्हटलं, जुळवायचं काम माझं आहे, मी सांगते जुळतं म्हणून. तो म्हणाला, तुम्ही सांगितलं तरी मला दिसतंय न. वजन उतरलं त्याचं. चिडायला गेले की त्याच्याकडे पाहून चिडणं निघून जायचं, आणि त्याचाही मला राग यायचा.

मायनं त्याला एकदा घरी बोलावून जेवू घातलं आणि सांगितलं की पुढच्या साली पुन्हा धुऱ्याकडे कपाशीच लावते, वावर फुटलं की फोन करते, तू येईपर्यंत पूजा करत नाही आणि कोणाला हात लावू देत नाही. त्यानं मान हलवली. त्या दिवशीही तो बसून जेवला. नवल आहे, पण मायपुढे तो बसायचा.

पुढच्या साली वावर फुटलं. मायनं फोन केला. उद्या येतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, कॅमेरामन दुसऱ्या सिनेमावर अडकला आहे, उद्या नक्की. नागपूरला कॅमेरामनांचा काही दुष्काळ नव्हता, पण ह्याला तोच पाहिजे. तिसरा दिवस, चौथा, पाचवा. कापूस बोंडातून लोंबायला लागला. वारा आला की खाली मातीत पडायचा. सातव्या दिवशी आभाळ भरून आलं. माय धुऱ्यावर काठी घेऊन बसून होती, पाखरं हाकलायला बसल्यासारखी, आणि वरच्या ढगांकडे पाहत होती. मी म्हटलं, माय, वेचून घे, त्याचं काही खरं नाही. ती म्हणाली, जबान दिली आहे.

नवव्या दिवशी बाजार होता. माय भाजी घेऊन सकाळीच घाटंजीला गेली आणि मी गावी आले, दोघींची चुकामूक झाली. वावराशी पार्बताबाई बायांना घेऊन उभी होती. म्हणाली, उद्यापासून आम्ही दुसऱ्याच्या वावरात लागतो बाई, आठ दिवस आता इकडे येणं नाही. आभाळ काळंभोर. जमिनीवर कापूस सांडलेला, मातीनं पिवळा पडलेला. माझं डोकं फिरलं. मी त्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग मी पार्बताबाईला म्हटलं, लावा ओट्या.

तिनं विचारलं, आणि पूजा. मी म्हटलं, मी करते.

पाच खडे मी मांडले. पार्बताबाईच्या घरून दही आणलं, भात आणला. हळदकुंकू वाहिलं, दहीभात शिंपला. कशी करतात ते मला लहानपणापासून पाहून माहीत होतं, हात कुठं अडला नाही. दुपारी दोनपर्यंत वावर वेचून झालं.

माय बाजारातून परतली. वावराकडे पाहिलं. पऱ्हाटीखालचे खडे पाहिले. कोणी मांडले म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी. तिनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि वावराकडे पाठ करून धुऱ्यावर बसली. मी समजावत राहिले, तिनं मान वळवली नाही.

आणि तासाभरात त्याची गाडी आली. तोच कॅमेरामन, तीच लेन्स, सगळा लवाजमा. मी वाटच पाहत होते. वर्षभराचं साचलेलं सगळं बाहेर काढलं. नऊ दिवस, साहेब, नऊ दिवस ती म्हातारी राखण करत बसली होती, माणूस आहे ती, काय समजलात तिला, तुमच्या एका शॉटपायी तिचं वर्षाचं पीक मातीत जायचं होतं, असं बरंच काही. आमच्याकडच्या भांडणाऱ्या बाईचा आवाज कसा असतो ते माहीत असेल, शिवारभर गेला असेल. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. वावराकडेही नाही. मायकडे पाहत होता. कॅमेरामनच्या कानात काहीतरी बोलला आणि जागच्या जागी उभा राहिला. त्याला एवढा वेळ एका ठिकाणी उभा मी त्याआधी पाहिला नव्हता, पण रागाच्या भरात तेव्हा ते लक्षात आलं नाही. कॅमेरा कधी लागला, आवाज घेणाऱ्यानं माइक कधी उघडला, तेही कळलं नाही. मी बोलून बोलून थकले तेव्हा तो मायजवळ गेला, तिच्या पायाला हात लावला आणि गाडीत बसला.

तीन महिन्यांनी कळलं की सिनेमा पुरा झाला आहे. मी फोनवर विचारलं, कसा पुरा झाला, शॉट कुठं आहे. म्हणाला, आहे. बाहेर देशात दाखवला गेला, पुण्या-मुंबईत दाखवला गेला, पेपरात आलं. पेपरांत शेवटच्या दृश्यावरच लिहिलेलं होतं. म्हातारीच्या चेहऱ्यावरच्या मौनावर कोणी अर्धं पान लिहिलं होतं, आणि दुरून ऐकू येणारा बाईचा आवाज म्हणजे सगळा गाव तिला जाब विचारतो आहे, असं आणखी एकानं. मला त्यातलं काही कळेना. मी सिनेमा पाहिलेलाच नव्हता.

घाटंजीला मंगल कार्यालयात पडदा लावून दाखवला तेव्हा पाहिला. गाव लोटलं होतं. वीसच्या वीस बाया आल्या होत्या, पार्बताबाई नवीन लुगडं नेसून पहिल्या रांगेत. मी आणि माय दुसऱ्या रांगेत. तो दाराबाहेर अंगणात येरझाऱ्या घालत होता, मधूनच दारातून डोकं घालून माणसं पाहून जायचा. लोक हसत होते, बाया एकमेकींना ओळखून टाळ्या देत होत्या. मुलाचे फोन सुरू झाले की मी खुर्चीत अंग चोरून घ्यायची.

मग शेवट आला. पडद्यावर भिंतीएवढी माझी माय, धुऱ्यावर बसलेली. मागे वेचून झालेलं तपकिरी वावर. तिच्या अंगावर दुसऱ्या साली नेसलेलं लुगडं, आधीच्या शॉटशी जुळत नव्हतं, माझी टिपणांची वही हाताशी असती तर मी बोंब मारली असती. आणि मागून कुठून तरी एका बाईचं तावातावानं भांडणं. तो आवाज माझा होता. नऊ दिवस, साहेब, नऊ दिवस. ह्यानं मला न विचारता माझं भांडण उचललं होतं आणि माझ्या मायचा माझ्यावरचा राग जगाला दाखवला होता. लोक त्याला मौन म्हणतात, शांती म्हणतात, आणि खरं काय ते एका मलाच ठाऊक, की ती बाई पोटच्या पोरीवर रुसून बसली आहे. बाहेर जाऊन त्याची गचांडी धरावी असं वाटलं. आणि लाज वाटली, मायच्या शेजारी बसून.

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "माय, तवा तुले माह्या लय राग आलता न?"

ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती.

"राग नव्हता व," ती म्हणाली. "पूजा तुह्या हातानं झाली न. मले वाटलं, चला, आता हे वावर माह्यं नाही राह्यलं. सुटलं आपलं."

जे किती वर्षं मी तिच्या मागे लागून मागत होते, ते त्या दिवशी मीच, दहीभात शिंपडून, तिच्या हातातून काढून घेतलं होतं आणि मला ते कळलं नव्हतं. मी शेजारी उभी राहून ओरडत होते. त्याला दिसलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या दिसलं होतं त्याला. मी रडायला लागले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"गप," ती म्हणाली. "पाहू दे मले."